समुद्र नसलेल्या शहरातील समुद्राची नोंद

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. पूर्वेस चेन्नई आणि पश्चिमेस मंगळुरू. दोन्हीकडील समुद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर. तरीही येथील रसेल मार्केटमध्ये पहाटे बांगडा, सुरमई, तांबोशी आणि शिंपले येऊन पडतात आणि कोकण, गोवा वा कारवार येथून आलेल्या घरांत रविवारचे कालवण शिजते. घाटावरच्या शहराला समुद्रातील अतिसूक्ष्म वनस्पतींची चिंता कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर याच शहरातून निघणाऱ्या एका नियतकालिकात सापडते.

‘करंट सायन्स’ हे नियतकालिक १९३२ साली बेंगळुरूत सुरू झाले. त्याच्या १९८४ च्या खंडात मंगळुरूच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील इड्या करुणासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आहे. हे महाविद्यालय तेव्हा बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा भाग होते. आदल्या वर्षी, म्हणजे १९८३ मध्ये, मंगळुरूच्या दक्षिणेस कुंबळे येथील खाडीतले शिंपले खाऊन लोक आजारी पडले आणि एक मुलगा दगावला. शिंपल्यांतील पक्षाघातकारक विषाचा तो प्रकार होता. त्याआधी दोनच वर्षे, १९८१ मध्ये, तमिळनाडूतील वायलूर येथे अशाच विषबाधेने तिघांचे प्राण घेतले होते. पुढे सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे शिनाण्यांतून विषबाधा होऊन सात जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे पाचशे जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

या तिन्ही ठिकाणी शिंपले नासलेले होते म्हणून लोक दगावले, असे नाही. विष आले ते शिंपल्यांच्या अन्नातून. समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मशैवालांचा आकार मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा असतो. त्यांच्या हजारो जातींपैकी बहुसंख्य निरुपद्रवी, नव्हे, उपकारकच आहेत. समुद्रातील सारी अन्नसाखळी त्यांच्यावर उभी आहे आणि पृथ्वीवरील प्राणवायूच्या निर्मितीत त्यांचा वाटा मोठा आहे. विष निर्माण करणाऱ्या जाती मोजक्याच. पण ऊन, पोषकद्रव्ये आणि प्रवाह यांचा योग जुळला की त्यांची संख्या भराभर वाढते. शिंपला पाणी गाळून जगतो. दिवसभर गाळलेल्या पाण्यातील विष त्याच्या मांसात साठत जाते. त्याला स्वतःला मात्र सहसा काही होत नाही. शैवालांचा बहर ओसरल्यावरही काही जातींचे बीजकोष तळच्या गाळात सुप्त राहतात आणि अनुकूल काळ येताच पुन्हा उगवतात.

या विषाचे नाव सॅक्सिटॉक्सिन. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या कणांना आतबाहेर सोडणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांच्या उघडझापीवर शरीरातील संदेश धावतात. सॅक्सिटॉक्सिन ही दारे बंद करते. जेवणानंतर अर्ध्या तासात किंवा काही तासांत ओठांना आणि जिभेला मुंग्या येतात, त्या बोटांपर्यंत पोहोचतात, बोलणे जड होते आणि विषाची मात्रा मोठी असल्यास श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. मात्र कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय वेळेवर मिळाली तर शरीर हे विष बाहेर टाकते आणि रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणजे जगणे आणि मरणे यांतील अंतर बऱ्याचदा रुग्णालयापर्यंतच्या रस्त्याएवढेच असते.

घरोघरच्या परंपरागत परीक्षा येथे उपयोगी पडत नाहीत. उकडल्यावर तोंड न उघडणारा शिंपला टाकून द्यावा हा नियम चांगला आहे. पण त्यातून शिंपल्यात विष आहे का, हे कळत नाही. विषारी शिंपलाही तोंड उघडतो. त्याला वास नसतो, चवही बदलत नाही. उकळल्याने, तळल्याने, गोठवल्याने वा खारवल्याने हे विष नष्ट होत नाही. १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील जॉन कार्टर हा खलाशी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर भाजलेले शिंपले खाऊन काही तासांत मरण पावला. त्या जागेचे नावच ‘विषाची खाडी’ असे पडले. आज एक किलो शिंपल्याच्या मांसात ८०० मायक्रोग्रॅम ही सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा जगभर मानली जाते. ती मोजायला प्रयोगशाळाच लागते.

माशांतून येणारे दुसरे विष अधिक फसवे आहे. प्रवाळखडकांवरील शेवाळावर गॅम्बियरडिस्कस नावाचे सूक्ष्मशैवाल वाढते. ते शेवाळ छोटे मासे चरतात, त्यांना मोठे मासे गिळतात आणि प्रत्येक पायरीवर विष अधिक दाट होते. तांबोशी, हेकरू यांसारख्या खडकाळ पाण्यातील मोठ्या माशांत, विशेषतः त्यांच्या डोक्यात, काळजात आणि आतड्यांत ते अधिक असते. या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. उलट्या-जुलाब थांबल्यावरही हातपाय झिणझिणत राहतात आणि थंड पाण्याचा स्पर्श चटका बसल्यासारखा वाटतो. ही शेवटची खूण इतकी वेगळी आहे की, ती ऐकताच जाणत्या डॉक्टरच्या मनात मासा यायला हवा. सिग्वाटेरा हा दूरच्या बेटांचा रोग समजला जात असे. परंतु २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्येच मंगळुरूमधील संभाव्य सिग्वाटेराची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या बंदरातून बेंगळुरूला मासळी येते, त्याच बंदरातून ही वार्ताही आली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बेंगळुरूसारख्या आडगावच्या शहराला समुद्राच्या विषापेक्षा रस्त्याच्या विषाचा धोका अधिक जवळचा आहे. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके ठणकते. अनेकांना ती मासळीची अ‍ॅलर्जी वाटते आणि ते जन्मभर मासे सोडतात. दोष मात्र बर्फाचा असतो. हिस्टामीनही शिजवून जात नाही. पण बोटीपासून बाजारापर्यंत बर्फ राखला तर ते मुळात तयारच होत नाही. शैवालांच्या विषाला मात्र बर्फाचा उपाय नाही. त्यासाठी किनाऱ्यावरच पाण्याची आणि शिंपल्यांची तपासणी हवी. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने शैवालबहराची माहिती देते. उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. विष दिसत नाही. शिवाय तांबडे पाणी प्रत्येक वेळी विषारी नसते आणि विषारी पाणी प्रत्येक वेळी तांबडे नसते.

मग पालकांनी करायचे काय? मासे सोडण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरची कोट्यवधी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते खात आली आहेत. शिंपले ओळखीच्या, सतत विक्री करणाऱ्या माणसाकडून घ्यावेत. सहलीला गेल्यावर खाडीतून मुलांनी गोळा केलेले शिंपले, विशेषतः पाण्याचा रंग बदललेला असताना किंवा आसपास मासे मरून पडले असताना, शिजवू नयेत. खडकाळ पाण्यातील फार मोठ्या माशाचे डोके आणि काळीज मुलांना देऊ नये. जेवणानंतर ओठांना मुंग्या आल्या तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे, काय आणि केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि उरलेला मासा टाकून न देता बर्फात ठेवून सोबत न्यावा.

शेवटची गोष्ट सर्वांत साधी वाटते, पण तिचेच मोल मोठे. समुद्रापासून दूर असलेल्या शहरात अशा आजाराचे निदान पोटाचा बिघाड म्हणून होण्याची भीती असते आणि निदान चुकले की नोंदही होत नाही. कुंबळ्याच्या त्या मुलाला कोणी वाचवू शकले नाही. परंतु काही अध्यापकांनी त्याच्या मृत्यूचे कारण शोधले, लिहून ठेवले आणि छापले. म्हणून विळिंजमच्या वेळी हा आजार ओळखण्यासाठी आधीचे ज्ञान हाताशी होते. शाळेत प्रयोगवहीच्या पानावर निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष असे रकाने आखायला शिकवतात. त्या सवयीचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो, आणि या शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी, संशोधकांनी व आईबापांनी ती जपावी, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.