दुष्काळी जिल्ह्याचा माळ



धाराशिव जिल्ह्यात दुष्काळ पडला की जनावरांची चर्चा चारा छावणीपाशी येऊन थांबते. २०१२-१३ मध्येही तेच झाले. छावण्यांनी अनेकांची दावण वाचवली, हे कुणीही मान्य करील. पण त्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी होत्या. ज्या उस्मानाबादी शेळीने या जिल्ह्याचे जुने नाव देशभर नेले ती आणि धनगरांची मेंढरे तेव्हाही माळावरच पोट भरत होती. म्हणून या संमेलनाने छावणीच्या आधीचा प्रश्न हाती घ्यावा: माळ कुणी, केव्हा आणि किती चारायचा?

बालाघाटच्या पठारावर जागोजागी माती पातळ आणि खाली मुरूम. तिथे पवन्या, मारवेल यांसारखी वर्षानुवर्षे टिकणारी गवते तग धरतात, कारण त्यांची शिल्लक मुळांत असते. मृगाच्या सरींनंतर ठोंब फुटतो तो या शिलकीवरच. पाती चार बोटे वर येताच मेंढरे घातली, तर साठा संपतो आणि नवा साठा करायला पाने उरत नाहीत. काही वर्षे हेच चालले की पवन्या जातो, कुसळी माजते. तिचे अणकुचीदार बी लोकरीत रुतते, कातडीत घुसते, जनावराच्या तोंडाला जखमा करते. त्यानंतर उरतो उघडा मुरूम, आणि पाऊस मुरण्याऐवजी ओढ्याकडे धावतो. उलट पावसाळ्याचे पहिले दीड-दोन महिने माळाचा एक तुकडा राखला, मग कळप सोडला आणि दरवर्षी राखायचा तुकडा बदलला, तर तोच माळ दिवाळीनंतरही चारा देतो.

राखणे म्हणजे कायमची बंदी नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली, विळ्याने गवत कापून न्यायची मुभा ठेवली, आणि तिथले डोंगर पुन्हा गवताने भरले. दावणीला गाय बांधणाऱ्याला ही रीत चालते. मेंढपाळाला मात्र वाट लागते, पाणवठा लागतो, रात्री वाडा बसवायला शेत लागते. त्या शेताला लेंडीखत मिळते. वनहक्क कायदा २००६ ने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. तरीही गावात चराईचा निर्णय होतो तेव्हा मेंढपाळालाच बोलावणे नसते. ही गोष्ट अन्यायाची आहे, शिवाय नुकसानीचीही. कोणत्या खोऱ्यात गवत कधी पिकते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असते?

माळावर झाड नाही म्हणजे तो उजाड, या समजुतीने फार नुकसान केले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्याच परिसरातल्या गवताळ माळांवर ग्लिरिसिडियाच्या झाडांची लागवडही झाली. माळढोकाला दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा माळ लागतो. काळविटालाही तोच हवा. आता गायरानांवर सौर प्रकल्पांची मागणी आहे. वीज हवीच, परंतु रिकामी जागा म्हणून गायरान देण्यापूर्वी त्यावर किती कळप जगतात याची नोंद ग्रामसभेपुढे आली पाहिजे.

लांडग्याबद्दलही स्पष्ट बोलावे. माळावर हरणे-ससे उरले नाहीत की तो मेंढरांकडेच वळतो. वाघाचेही तसेच. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून येडशी-रामलिंग अभयारण्यात आला. हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. एवढ्या जागेत त्याचे भागत नाही आणि आसपासच्या गुरांवर संकट येते. वन्यजीवांचा भार एकट्या पशुपालकाने सोसावा, ही अपेक्षा चुकीची आहे. पंचनामा वेळेत आणि भरपाई हंगाम संपायच्या आत मिळाली, तर या प्राण्यांवर विषप्रयोगाची वेळ येणार नाही.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणे आणि पशुपालकांसाठी जाहीर केले आहे. या सभागृहातल्या पशुवैद्यकांना त्यासाठी वेगळी मोहीम काढायची गरज नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचायला ते कळपापर्यंत जातातच. तिथेच मेंढपाळ, सरपंच आणि वनरक्षक यांना एकत्र बसवावे, गायरानाचा नकाशा जमिनीवर पसरावा आणि यंदा कोणता तुकडा पोळ्यापर्यंत राखायचा, कळपांना तोवर कुठली वाट मोकळी ठेवायची, हे ठरवून ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यावे. प्रत्येक तालुक्यात एका गायरानापासून सुरुवात करायचा ठराव आज या संमेलनापुढे ठेवला आहे.