उंची घराण्याची की घासाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



उंचीचा विषय निघाला की आपण चटकन म्हणतो, "आईच ठेंगणी, मग लेक कुठून उंच होणार?" यात अगदीच खोटे नाही. आईबापांकडून येणारा वारसा मोठाच असतो. पण तो पुरा पदरात पडतो की अर्धाच, हे ठरते ताटावर, पाण्यावर आणि घरातल्या वागणुकीवर.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात माया नावाचे डोंगराळ भागातले शेतकरी लोक आहेत. ते फार ठेंगणे. लोक म्हणत, रक्तच तसे. १९८० नंतरच्या यादवीत त्यांतली कित्येक कुटुंबे जीव मुठीत धरून अमेरिकेत गेली. तेथे ती श्रीमंत झाली नाहीत; शेतावर नि कारखान्यांत मजुरीच करीत राहिली. पण नळाचे स्वच्छ पाणी, दवाखाना आणि शाळेतले जेवण एवढे मुलांना मिळाले. बॅरी बोगिन या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मापे घेतली, तेव्हा २००० सालच्या सुमारास ही मुले मायदेशातल्या त्याच वयाच्या मुलांहून सरासरी १० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार इंच, उंच भरली. एका पिढीत रक्त बदलत नाही; बदलली ती परिस्थिती. मात्र त्यांतली पुष्कळ मुले लठ्ठही झाली, हेही ध्यानात ठेवावे.

आता दुसरी गोष्ट. युद्धानंतर, १९४८ साली, एल्सी विडोसन या विदुषी जर्मनीतल्या दोन अनाथाश्रमांतील मुलांची वजने व उंची पाहत होत्या. सहा महिन्यांनी एका आश्रमाला जादा पाव, मुरंबा आणि संत्र्याचा रस सुरू केला. पण वाढली जास्त ती दुसऱ्या आश्रमातली मुले! चौकशीअंती कळले, की दुसऱ्या आश्रमातली कडक व्यवस्थापिका नेमकी त्याच सुमारास बदलून जादा खाण्याच्या आश्रमात आली होती. जेवणाच्या वेळीच ती मुलांना सर्वांदेखत फैलावर घेई. तिची लाडकी सात-आठ मुले तिच्याबरोबरच आली होती. ती मात्र छान वाढली. घशाखाली उतरलेला घास अंगी लागायलाही मायेचा शब्द लागतो, बायांनो.

गाव सोडले की उंची वाढते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याच मराठवाड्यातून दर हंगामाला ऊसतोडीला जाणाऱ्या आयांची तान्ही लेकरे फडाच्या बांधावर, पाचटाच्या खोपीत दिवस काढतात. तेथे ना धड पाणी, ना अंगणवाडी. असे स्थलांतर वाढ खुंटवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे काही सगळे घराण्यावर ढकलता येणार नाही.

मग आपण काय करावे? गरोदर सुनेला सर्वांत शेवटी वाढू नये. लेकीच्या ताटातले दूध-अंडे लेकाकडे सरकवू नये. पहिली दोन वर्षे बाळाच्या खाण्याकडे, जुलाबाकडे दुर्लक्ष करू नये. जेवताना रागावू नये. आणि शेजारच्या बांधकामावर कामकऱ्यांची मुले दिसली, तर त्यांना अंगणवाडीची वाट दाखवावी.

एवढे करूनही लेक ठेंगणीच राहिली, तर तिला हिणवू नये. उंची ही काही गुणपत्रिका नव्हे. तिच्या वाट्याची वाढ तिला पुरी मिळाली, एवढे समाधान आपल्याला असावे, म्हणजे झाले.