सायकलची बैठक

आदिलाबादहून निर्मल सुमारे ८० किलोमीटर. एवढा पल्ला सायकलने गाठण्याचे मनात आणणारे पुष्कळ असतात. परंतु पायांतील बळ सरण्यापूर्वीच बसणे असह्य होते आणि सायकल कायमची भिंतीला टेकते. दोष बहुधा प्रकृतीचा नसतो, सीटचा असतो.

मऊ तितकी सुखाची, हा समज फसवा आहे. देहाचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडावयास हवा. गुबगुबीत सीटमध्ये ही हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. तेथील नसा व रक्तप्रवाह दबून बधिरता येते. ती सोसण्यात पुरुषार्थ नाही.

म्हणून प्रथम माप घ्यावे. कठीण बाकावर जाड पुठ्ठा ठेवून बसले, की दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतराहून सीटचा मागील भाग सुमारे २ सेंटिमीटर रुंद असावा. ताठ बसणाऱ्यास याहून रुंद, वाकून चालविणाऱ्यास अरुंद सीट मानवते.

सीट समपातळीत बसवावी. टाच खालच्या पायडलवर टेकली असता पाय सरळ व्हावा. उंची अधिक झाल्यास कंबर डोलते व कातडी सोलते.

बर्मिंगहॅमला १८६६ मध्ये सुरू झालेला ब्रूक्सचा कारखाना चामड्याच्या सीटांसाठी नावाजला. असे चामडे वापराने बसणाऱ्याचा आकार घेते. मात्र त्याला पावसापासून जपावे लागते.

नव्या सीटची परीक्षा निर्मलच्या वाटेवर नको. आधी गुडीहत्नूरपर्यंत जाऊन यावे. पुढचा रस्ता कोठे जात नाही.