विमानाचा फोटो सुस्पष्ट यावा म्हणून

बंगळूरूजवळच्या येलहंका तळावर ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची हॉक विमानं झेपावली, की हात कॅमेऱ्याकडे जातोच. पण नवख्यांचे फोटो अनेकदा धूसर येतात. पहिलं कारण म्हणजे अपुरा शटर स्पीड. जेट विमानासाठी तो १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. सारंग पथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरसाठी मात्र १/२५० च्या आसपास आणा. नाहीतर पाती थिजलेली दिसतात आणि हेलिकॉप्टर हवेत टांगल्यासारखं वाटतं. फोकस ‘कंटिन्युअस’वर ठेवा. पाय रोवा, कोपरं अंगाशी धरा, कंबरेतून वळत विमानाचा माग घ्या आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. दुसरं कारण म्हणजे उष्णता. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते. तिथे महागडी लेन्सही हतबल ठरते. म्हणून सकाळची वेळ साधा आणि विमान जवळ येऊ द्या. आकाश फार उजळ असेल, तर एक्स्पोजर थोडं वाढवा, म्हणजे विमानाचं पोट काळं पडणार नाही. आणि हो, हवाई दलाच्या तळांवर एरवी परवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही. हा नियम कसोशीने पाळा.