आपली बाभूळ

अक्रोडाचे लाकूड म्हटले की काश्मीरचे कोरीव काम डोळ्यांपुढे येते. पण तो थंड डोंगरांतला वृक्ष. परभणीच्या काळ्या रानात तो यायचा नाही. आपल्या सुताराची भिस्त बाभळीवर. अक्रोड घनमीटरला साडेसहाशे किलोंच्या आसपास भरतो, तर बाभूळ आठशेच्या. म्हणूनच गाडीचा तुंबा, आरे, वखराचे खोड तिचेच करीत. मात्र ओल्या लाकडाचे आरे बसविले, तर उन्हाळ्यात ते आकसून चाक खिळखिळे होते. ओंडका पाण्यात मुरवून सावलीत सुकविणारा सुतार उगीच वेळ काढीत नसतो! गिऱ्हाइकाला मात्र घाई. आता गाडीला रबरी टायर आले, आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला उपयोगी पडणारी बांधावरची बाभूळ सर्रास चुलीत जाते.