अंगणातला चिंचोक्यांचा आलेख

पिकांच्या वाढीचे आलेख आम्ही कृषी महाविद्यालयात शिकवतो. आज आपल्या लहान मुलांसाठी एक आलेख सांगतो. त्याला खडू आणि चाळीस चिंचोके पुरेत.

अंगणात खडूने आडवी रेघ मारा. रेघेखाली तांदूळ, ज्वारी व नाचणी चिमूट-चिमूट ठेवा. एक चिंचोका म्हणजे १० मिलिग्रॅम कॅल्शियम असे ठरवा. १०० ग्रॅम धान्यामागे तांदळाला १, ज्वारीला सुमारे ३ आणि नाचणीला सुमारे ३५ चिंचोके मुलांना उभ्या रांगेत मांडू द्या. प्रत्येक रांग रेघेपासूनच सुरू व्हावी आणि अंतर सारखे असावे. नाहीतर तुलना चुकते.

आमच्या घरी नाचणीची रांग तुळशीवृंदावनापर्यंत गेली. तेव्हा सात वर्षांच्या मुलीने विचारले, "मग आपल्या डब्यात नाचणी का नसते?" कृषिविद्या शिकवणाऱ्या मला उत्तर देता आले नाही.

प्रथिनांचा आलेख मांडला, तर तूरडाळ पुढे जाते व नाचणी मागे राहते. तेही मुलांना दाखवा, म्हणजे एकाच धान्यावर भागत नाही हे त्यांना कळेल.

येत्या खरिपात वरकस जमिनीत घरापुरती तरी नाचणी जरूर लावा.