'समजले का?'



आज फळ्यावर आम्ही एकच शब्द लिहिला आहे. वाचा पाहू. 'मूत्रपिंड'. जोडाक्षर जरा अवघड आहे, पण तुम्ही वाचलेत. शाबास! यालाच आपण बोलताना किडनी म्हणतो. शब्द वाचता आला. तो समजला का, हे आता पाहायचे. वाचणे निराळे आणि समजणे निराळे. ही गोष्ट शाळेत पस्तीस वर्षे शिकवून आम्हांला जेवढी कळली नाही, तेवढी थोरल्या बंधूंच्या आजारपणात कळली.

आमचे अण्णा. धारूरच्या माळावर त्यांची थोडी कोरडवाहू जमीन. उमेदीची वर्षे ऊसतोडीत गेली. अंग दुखले की दुकानातून गोळी आणायची, घ्यायची आणि पुन्हा कोयता हाती धरायचा. पुढे साखरेचा आजार जडला, रक्तदाबही वाढला. त्रास काही नव्हता, म्हणून औषध कधी घेतले, कधी नाही. हा आजार असाच गुपचूप येतो. पायावर सूज आली, जेवण जाईना, तेव्हा दवाखान्यात नेले. रक्त तपासले. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती.

डॉक्टरांनी सारे सांगितले. शेवटी विचारले, "समजलं का?" अण्णा म्हणाले, "व्हय साहेब." आम्हीही मान हलवली. डायलिसिस सुरू झाला. चार-पाच पाळ्या झाल्या आणि सूज उतरली. अण्णांना हुशारी आली. ते म्हणाले, "मास्तर, आता किडनी धुऊन निघाली. कशाला उगं हेलपाटा?" त्यांनी दोन पाळ्या चुकवल्या. दिवस सीताफळांचे होते. घरची सीताफळे पोटभर खाल्ली. किडनीला चांगले म्हणून कोणीतरी सांगितले, तर नारळपाणीही प्याले. तिसऱ्या रात्री धाप लागली. आडवे होता येईना. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, गाडी बघा!" वेळेत पोचलो म्हणून वाचले. रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार इतका वाढला होता की हृदय केव्हाही बंद पडले असते.

आता सांगा, चूक कोणाची? डॉक्टर बोलले होते. अण्णांनी ऐकले होते. 'समजले का?' असे विचारलेही होते. पण वर्गात आम्ही असे विचारले, की सगळी पोरे एका सुरात 'हो' म्हणत. तेवढ्यावर आम्ही कधी थांबलो नाही. एकाला उभे करायचो आणि म्हणायचो, "आता तू सांग." ज्याला सांगता येते, त्यालाच समजलेले असते. परक्यांच्या पोरांना लावलेली ही कसोटी सख्ख्या भावाला लावायचे आम्हांला सुचले नाही. याची खंत आजही आहे.

रोग्याला किती समजले हे मोजायचे, असा विचार जाणत्या डॉक्टरांनीही केला आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 28 प्रश्नांची एक पत्रिका केली आणि ती मूत्रपिंडाच्या 401 रोग्यांना दिली. 2011 साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. सरासरी पाहता तीन प्रश्नांपैकी दोनच बरोबर आले. तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्या रोग्यांची ही स्थिती, मग आपण लाज कशाला बाळगायची?

आम्हीही दहा प्रश्न काढले. अण्णांना लिहिता येत नव्हते. म्हणून ज्वारीचे दाणे घेतले. बरोबर उत्तराला एक दाणा वाटीत. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे अशी :

1. मूत्रपिंडे काय करतात? ती दोन असतात, प्रत्येक मुठीएवढे. प्रत्येकात सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. त्या दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक शरीराला परत देतात आणि दीड लिटरच्या आसपास घाण पाणी लघवीवाटे टाकतात. रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि रक्त वाढवणे यांतही त्यांचा हात असतो.

2. माझी किती काम करतात? रक्तातल्या क्रिएटिनिनवरून डॉक्टर एक आकडा काढतात. तो 90 च्या वर असला तर चांगले. 30 च्या खाली गेला की आजार पुढे गेला. 15 च्या खाली म्हणजे शेवटची, पाचवी पायरी. आपला आकडा आपल्याला पाठ हवा.

3. डायलिसिसने आजार बरा होतो का? नाही. यंत्र फक्त मूत्रपिंडाचे काम करते. ते बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास करावे लागते.

4. पाळी चुकली तर? पाणी आणि विष अंगात साठते. बरे वाटते ते पाळीमुळेच.

5. काय खावे, किती प्यावे? मीठ, लोणचे, पापड कमी. केळी, नारळपाणी, सीताफळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाणी मोजून. मुतखड्याला 'भरपूर पाणी प्या' म्हणतात. तो सल्ला इथे घातक ठरतो.

6. कोणत्या गोळ्या टाळाव्यात? दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या. अनेक गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात.

7. हाताची काळजी कशी घ्यावी? डायलिसिससाठी हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये. तिथली थरथर रोज बोटाने पाहावी. ती थांबली तर लगेच दवाखाना गाठावा.

8. दुसरे मार्ग कोणते? पोटात नळी बसवून घरीच करायचा डायलिसिस, हा एक. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवणे, हा दुसरा. जवळचे नातलग ते देऊ शकतात. मृत माणसाचेही मिळू शकते. विकत घेणे वा विकणे हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. फार थकलेल्या रोग्याला यंत्रावर न घालता त्रास कमी करणारे उपचार देणे, हाही मार्ग आहे.

9. कधी लगेच निघायचे? धाप लागली, छातीत दुखले, अंग एकाएकी लुळे पडले, भ्रम झाला, तर उजाडायची वाट पाहू नये.

10. खर्चाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे. 2016 पासून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची केंद्र सरकारचीही योजना आहे.

पहिल्या दिवशी अण्णांच्या वाटीत तीन दाणे पडले. ते ओशाळले. मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमची बी परीक्षा होऊ द्या." आम्हांला सहा दाणे मिळाले! आठव्या प्रश्नाचे उत्तर तर घरात कोणालाच येत नव्हते. आम्ही डॉक्टरांना जाऊन विचारले. वहिनी मूत्रपिंड द्यायला तयार झाल्या. पण तपासणीत त्यांनाही साखर निघाली. ते जमले नाही. तरी विचारले होते, याचे समाधान राहिले.

रोज संध्याकाळी ओसरीवर वाटी निघे. महिन्याभरात नऊ दाणे झाले. नात विचारायची आणि अण्णा सांगायचे. एकदा सुईवाल्या माणसाने चुकून फिस्टुलाचा हात धरला. अण्णा म्हणाले, "ह्यो न्हाई, त्यो धरा." त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःच एक दाणा वाटीत टाकला.

त्यानंतर अण्णा तीन वर्षे जगले. एकही पाळी त्यांनी चुकवली नाही. ज्ञानाने मूत्रपिंडे परत आली नाहीत. हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण त्या तीन वर्षांत त्यांनी नातीचे लग्न पाहिले, दोन पेरण्या पाहिल्या, आणि त्या पहिल्या रात्रीसारखी रात्र घरावर पुन्हा आली नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही परीक्षा रोग्याला नापास करण्यासाठी नाही. दाणे कमी पडले, तर शिकवणारा कमी पडला असे समजावे आणि पुन्हा सांगावे. रोग्यावर रागावू नये. रागावले की तो पुन्हा 'व्हय साहेब' म्हणू लागतो.

आता तुम्हांला घरचा अभ्यास. तुमच्या घरात, गल्लीत ज्याला साखर किंवा रक्तदाब आहे, त्याच्याजवळ बसा. हे दहा प्रश्न त्याला वाचून दाखवा. त्याचे रक्त आणि लघवी कधी तपासली, तेही विचारा. वेळेत तपासले तर पुष्कळांवर यंत्राची पाळी येतच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी 'समजलं का?' विचारले, तर नुसते 'हो' म्हणू नका. म्हणा, "साहेब, मला काय समजलं ते सांगतो. चुकलं तर सांगा."

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. त्याचा पहिला उपयोग कोणाचा तरी जीव वाचवायला होऊ द्या. पुढच्या सोमवारी येताना कोणाच्या वाटीत किती दाणे पडले, ते पाटीवर लिहून आणा.